ब्रिजटाऊन बंदरातील सात तास



वसंत व्याख्यानमाला ही कल्पना आपल्याकडे न्यायमूर्ती रानड्यांच्या काळची. पुण्यास ती १८७५ साली सुरू झाली. पुण्याच्या वसंताला कोकिळा, मोगरा आणि आंबे यांची साथ असते. आमच्या मिरजगावचा वसंत निराळा. येथे विहिरीचा तळ दिसू लागला की समजावे, वसंत आला. अशा दिवसांत, टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या गावात समुद्राविषयी बोलायला उभे राहणे म्हणजे उपाशी माणसापुढे पंगतीचे वर्णन करण्यासारखे आहे. पण चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा तो माझ्या तोंडून निघून गेला, आणि त्यांनी लगेच पत्रिकाही छापून टाकल्या. तेव्हा आता तुमची माझ्यापासून सुटका नाही, आणि माझी तुमच्यापासून नाही.

मी प्रवासी नव्हे. चौतीस वर्षे या परिसरातील शाळांत खडू झिजवला. माझा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे पंढरपूर, आणि सर्वांत नियमित प्रवास म्हणजे कर्जतच्या कचेरीत पगारबिलांसाठी मारलेल्या खेपा. अशा माणसाला जग दाखवण्याची जबाबदारी आजकाल मुलांनी घेतली आहे. माझा मुलगा अमेरिकेत न्यूजर्सीकडे नोकरीस आहे. २०२४ च्या जानेवारीत आम्ही उभयता तिकडे होतो. थंडी अशी की दाराबाहेर पाऊल ठेवण्याची सोय नाही. तेव्हा मुलाने बेत केला की आईवडिलांना जहाजातून कॅरिबियन समुद्राची सफर घडवावी. प्वेर्तो रिको बेटावरच्या सान हुआन बंदरातून आम्ही निघालो. सात दिवस, सात रात्री.

त्या जहाजाविषयी फार सांगत बसत नाही. आपल्या आठवडेबाजाराची सगळी गर्दी पाण्यावर तरंगते आहे, तिच्यावर मजल्यांवर मजले चढवले आहेत, आणि बाजारातला प्रत्येक माणूस फक्त जेवतो आहे, अशी कल्पना करा, म्हणजे झाले. सकाळी जहाज एका बेटाला लागते. उतारू खाली उतरतात, पोहतात, टोप्या विकत घेतात, आणि संध्याकाळी पुन्हा वर येऊन जेवतात. रात्री जहाज चालते, सकाळी दुसरे बेट. बेटाचे नाव विसरले तरी चालते. दुसऱ्या दिवशी ते बदलणारच असते.

असेच एका सकाळी आम्ही बार्बाडोस बेटाच्या ब्रिजटाऊन बंदराला लागलो. हे बेट आपल्या एकट्या कर्जत तालुक्यापेक्षाही लहान. लांबी चौतीस किलोमीटर, क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस किलोमीटर, वस्ती पावणेतीन लाखांच्या आसपास. १६२७ साली इंग्रजांनी तेथे वसाहत केली, आणि १९६६ पर्यंत ते बेट इंग्रजांच्याच ताब्यात होते. २०२१ साली त्यांनी इंग्लंडच्या राणीचेही नाव काढून टाकले आणि प्रजासत्ताक झाले. गावाच्या नावाची एक गंमत आहे. इंग्रज आले तेव्हा तेथील मूळच्या लोकांनी बांधलेला एक साधा पूल त्यांना खाडीवर दिसला. त्याला ते म्हणू लागले ‘इंडियन ब्रिज’, आणि पुढे त्यावरून गाव झाले ब्रिजटाऊन. म्हणजे त्या गावाच्या मूळ नावात आपण आहोत, पण ते आपण नव्हे! कोलंबस आपल्याकडे यायला निघाला आणि भलत्याच ठिकाणी पोचला, त्या घोटाळ्याचा हा शिल्लक पुरावा.

मुलगा, सून आणि नातू समुद्रकासवे बघायला होडीतून जाणार होते. पाण्यात उतरून कासवांबरोबर पोहायचे, असा तो कार्यक्रम. मी म्हटले, ‘बाबा रे, सीनेच्या डोहात मला कधी पोहता आले नाही, तेथे कासवांपुढे काय शोभा करून घेऊ?’ आमच्या मंडळींचे गुडघे दुखत होते, त्यांनी जहाजावरच राहायचे ठरवले. राहिलो मी एकटा. मी म्हटले, मी गाव बघून येतो.

यावर घरात अशी काही शांतता पसरली, की जणू मी संन्यास घेतो म्हणालो. मुलाने सूचना दिल्या. पासपोर्टची प्रत खिशात ठेवा. पैसे दोन खिशांत विभागून ठेवा. जहाजाचे घड्याळ हेच खरे घड्याळ समजा. साडेचारला शिडी उचलतात, चारलाच या. लहानपणी त्याला नगरला परीक्षेला पाठवताना मी ज्या सूचना देत असे, त्याच त्याने मला परत केल्या. सुनेने नातवाची हिरव्या ठिपक्यांची, सैनिकांसारखी टोपी काढून घेतली, कारण त्या देशात साध्या नागरिकाने लष्करी रंगाचे कपडे घालणे गुन्हा आहे. माझ्या डोक्यावरच्या पांढऱ्या टोपीवर मात्र कोणाचा आक्षेप नव्हता. साडेनऊला मी शिडीवरून खाली उतरलो.

बंदराच्या आवारातच दुकाने आहेत. हिरे, घड्याळे, रमच्या बाटल्या. बरेच उतारू तेथपर्यंत जातात आणि बार्बाडोस पाहिले म्हणून परत फिरतात. फाटकाबाहेर टॅक्सीवाले उभे होते. आपल्या स्वारगेटवर रिक्षावाले जसे बखोटीला धरतात तसे नव्हे, पण भाव तोच. मी हात जोडले आणि चालू लागलो. समुद्राकाठच्या रस्त्याने गाव वीसपंचवीस मिनिटांवर आहे. पण मला आधी दुसरीकडे जायचे होते.

बंदरापासून जवळच केन्सिंग्टन ओव्हल हे क्रिकेटचे मैदान आहे. तरुण मंडळींना ते ठाऊक असेल. मी तेथे उभा राहिलो त्यानंतर पाचच महिन्यांनी, २९ जून २०२४ रोजी, रोहित शर्माच्या संघाने तेथेच विश्वचषक जिंकला आणि तुम्ही फटाके उडवलेत. माझ्या पिढीला ते मैदान वेगळ्या कारणाने ठाऊक. १९७१ साली अजित वाडेकरांचा संघ तिकडे गेला होता. मी तेव्हा शाळकरी मुलगा. दिलीप सरदेसायांच्या दीडशे धावा आणि सुनील गावसकरांच्या नाबाद ११७ धावा याच मैदानावरच्या.

आणि त्याहून जुनी एक गोष्ट. मार्च १९६२. भारताचा कर्णधार नरी काँट्रॅक्टर या मैदानावर खेळत असता चार्ली ग्रिफिथचा चेंडू त्यांच्या डोक्यावर आदळला. कवटीला इजा झाली. जीव वाचेल की नाही अशी अवस्था. शस्त्रक्रिया करावी लागली, रक्त हवे होते. वेस्ट इंडिजचा कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आला आणि त्याने आपले रक्त दिले. आपल्या बाजूने पुण्याचे चंदू बोर्डे, नाशिकचे बापू नाडकर्णी आणि सोलापूरला जन्मलेले पॉली उमरीगर यांनी दिले. काँट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. मैदान बंद होते. बाहेर सर गारफील्ड सोबर्सचा पुतळा आहे, तो पाहत मी उभा होतो. तेथला पहारेकरी माझी टोपी बघून म्हणाला, ‘इंडिया?’ मी मान हलवली. तो म्हणाला, ‘गावसकर.’ मी म्हटले, ‘वॉरेल.’ त्याने छातीवर हात ठेवला. दोघांनाही एकमेकांचे इंग्रजी नीट समजत नव्हते, पण संभाषण पूर्ण झाले.

पुढे गावात शिरलो. त्या गावाची एक रीत मला फार आवडली. दुकानात शिरा, बसमध्ये चढा, गल्लीतून जा, आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचे. न म्हणेल तो उद्धट. आपल्याकडे वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसालासुद्धा रामराम घालायची पद्धत होती, तिचीच ही बहीण. मी सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणत चाललो, आणि सगळे मला म्हणत राहिले. परदेशात एकटा असल्याची भीती त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासातच गेली.

ब्रॉड स्ट्रीट ही तेथील मोठी पेठ. तिला लागून स्वान स्ट्रीट नावाची गल्ली आहे, तेथे वाहने नाहीत. कपडे, चपला, भाजी, केळी, सगळा रस्त्यावरचा व्यापार. एका कापडाच्या दुकानावर मला ओळखीचा चेहरा दिसला. ओळखीचा म्हणजे आपल्याकडचा. मालक सुरतेकडचे निघाले. त्यांचे आजोबा बोटीने येथे आले आणि डोक्यावर कापडाचे गाठोडे घेऊन दारोदार फिरले. माल आज द्यायचा, पैसे आठवड्याच्या हप्त्याने घ्यायचे. तेथील हिंदी मंडळींपैकी पुष्कळांची कहाणी अशीच आहे. सुरतेकडचे आणि बंगालकडचे फिरते व्यापारी विसाव्या शतकाच्या आरंभापासून तेथे येत गेले. त्यांनी मला चहा पाजला. चहात साखर किती, असे विचारले. मी म्हटले, दोन चमचे. ही साखरेची गोष्ट लक्षात ठेवा.

मी त्यांना विचारले, ‘त्रिनिदादमध्ये, गयानामध्ये आपले लोक लाखांनी आहेत, आणि येथे इतके थोडे कसे?’ ते हसून म्हणाले, ‘आम्ही कापडवाले, इतिहास मास्तरांनी सांगावा.’ मग मास्तरांनी सांगितला, तो थोडक्यात तुम्हालाही सांगतो, कारण त्यावाचून पुढची गोष्ट उलगडणार नाही.

बार्बाडोसमध्ये ऊस आला तो १६४० नंतरच्या दशकात, ब्राझीलकडून. उसाने वीसपंचवीस वर्षांत बेट पालटले. जंगल गेले, सगळीकडे ऊस. इंग्रजांच्या वसाहतींतले साखरेचे साम्राज्य तेथून उभे राहिले. ऊस तोडायला आफ्रिकेतून माणसे धरून आणली. १६६१ साली तेथील विधिमंडळाने कायदा करून त्या माणसांना मालमत्ता ठरवले. पुढे इतर वसाहतींनी तोच कायदा उतरवून घेतला. १८३४ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सरकारने गुलामगिरी उठवली, पण उमेदवारीच्या नावाखाली चार वर्षे आणखी राबवून घेतले. आणि नुकसानभरपाई दिली, दोन कोटी पौंड. कोणाला? मालकांना. ज्यांच्या पिढ्या उसात गेल्या त्यांना एक पेनीही नाही.

त्रिनिदादमध्ये आणि गयानामध्ये मोकळी जमीन पुष्कळ होती. सुटलेली माणसे मळे सोडून गेली. मळेवाल्यांनी मग हिंदुस्थानाकडे हात पसरला. १८३८ पासून गयानात आणि ३० मे १८४५ पासून त्रिनिदादमध्ये आपली माणसे कराराने उतरू लागली. १९१७ पर्यंत गयानात सुमारे दोन लाख एकोणचाळीस हजार, त्रिनिदादमध्ये सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार. त्यांत बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशकडचे, काही मद्रासकडचे. आपल्या कोकणातली माणसे मुंबई बंदरातून मॉरिशसला गेली, तीही उसासाठीच. तेथल्या पोर्ट लुईस बंदरातला आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा म्हणून जपला जातो. बार्बाडोसला मात्र मजूर आणावे लागले नाहीत. कारण बेट लहान, सगळी जमीन मळेवाल्यांची. सुटलेला माणूस जाणार कोठे? तो त्याच मळ्यावर, त्याच मालकाकडे, मजुरीने राहिला. बेडी काढली, पण जायला वाट ठेवली नाही.

हा धडा मी चहाच्या कपाबरोबर संपवला आणि निघालो. पुढे केरिनेज नावाची खाडी आहे. जुन्या काळी शिडाची जहाजे तेथे आणून कलती करत आणि त्यांचे तळ खरवडून साफ करत, म्हणून ते नाव. आता तेथे शौकीन लोकांच्या होड्या असतात. समोर लोकसभेच्या पोवळ्याच्या दगडी इमारती. तेथले विधिमंडळ १६३९ चे. आपल्याकडे शिवाजीमहाराज तेव्हा नऊदहा वर्षांचे होते. शेजारी राष्ट्रवीरांचा चौक आहे. त्यात १८१३ पासून इंग्रज सेनापती नेल्सनचा पुतळा होता. २०२० च्या नोव्हेंबरात तेथील सरकारने तो काढला. तोडफोड काही नाही. रीतसर यारीने उचलून नेला. मला ते बरे वाटले.

आता साडेबारा वाजले होते. शहाणा माणूस येथून परत फिरला असता. मी एक गल्ली धरली, मग दुसरी. आणि दोन वळणांत पेठ संपली. समोर लहान लहान लाकडी घरे. फार देखणी. मधोमध दार, दोन्हीकडे एकेक खिडकी, वर उतरते पत्र्याचे छप्पर. रंग निळा, पिवळा, गुलाबी. एखाद्या मुलाने चित्रकलेच्या तासाला काढावीत तशी. पण जवळ जाऊन पाहतो तो घराला पाया नाही! नुसत्या दगडांच्या चवडींवर घर ठेवलेले. ठेवलेले म्हणतो, बांधलेले नव्हे. खालून आरपार उजेड दिसतो.

दारात एक म्हातारी बाई चिंचा सोलत बसली होती. गुड मॉर्निंगची वेळ टळली होती, मी गुड आफ्टरनून म्हटले. तिने माझ्या टोपीकडे पाहिले आणि आत न जाता उंबऱ्यावरच थोडे सरकून मला जागा दिली. चिंचेचा गर साखरेत मळून केलेली एक गोळी हातावर ठेवली. आपल्या चिंचगोळ्यांची सख्खी बहीण. सातासमुद्रापलीकडे आपल्या रस्त्याकडेच्या चिंचेची चव तोंडात आली आणि मला क्षणभर बोलवेना.

मी घराखाली बोट दाखवले. पाया का नाही, असे विचारले. ती म्हणाली, ‘हे घर तीनदा चाललेले आहे.’ मला वाटले माझ्या ऐकण्यात चूक झाली. मग तिने समजावून सांगितले. सुटका झाली तरी जमीन मळ्याची. मजुराने मळ्याच्या जागेवर घर करायचे, जागेचे भाडे भरायचे, आणि मळ्यावर राबायचे. मालकाशी वाजले, की जागा सोड. जमीन त्याची, घर तुझे. तेव्हा घर असे करायचे, की फळ्या सुटतील, गाडीवर चढतील, दुसऱ्या मळ्यावर जाऊन दगडांवर पुन्हा उभे राहतील. म्हणून पाया नाही. पाया घातला तर तो मालकाच्या जमिनीत राहील. तिच्या आजोळी हे घर सेंट जॉर्जकडच्या मळ्यावर होते, तेथून दुसऱ्या मळ्यावर गेले, तेथून तिसऱ्या, आणि शेवटी ट्रकवर बसून गावात आले.

मग ती म्हणाली, की तिची बहीण अजून खेड्यात आहे, तिच्या घराला आता विटांची भिंत आहे. १९८० साली कायदा झाला, आणि मळ्याच्या जागेवर राहणाऱ्या भाडेकऱ्यांना ती जागा चौरस फुटाला दहा सेंट या दराने विकत घेण्याचा हक्क मिळाला. दहा सेंट! सुटकेनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी. बहिणीने जागा घेतली आणि पहिल्याप्रथम काय केले असेल? पाया खणला.

बंधुभगिनींनो, मी ऐकत होतो आणि मला आपली वाट दिसत होती. हीच, समोरची, नगर–सोलापूर रस्त्याची. दसरा झाला की या रस्त्याने कोण जाते, हे मी तुम्हाला सांगायला नको. पूर्वी बैलगाड्यांच्या रांगा जात, आता ट्रक आणि ट्रॅक्टर जातात. आष्टी, पाटोदा, जामखेड, पाथर्डी, आणि आपल्याच तालुक्यातली वाडी-वस्ती. गाडीत भांडी, पीठ, कोंबडी, शेळी, म्हातारी आणि लेकरे. वर बांबू आणि ताट्या. त्या ताट्यांचे काय होते? कारखान्याच्या थळावर त्यांची कोपी उभी राहते. पाच-सहा महिने तीच घर. हंगाम संपला की सोडायची, गाडीवर चढवायची. आमच्याकडेही घरे चालतात!

आणि नेमका त्याच वेळी त्या बाईने मला प्रश्न केला. तिने विचारले, ‘तुमच्याकडे ऊस होतो?’ मी अभिमानाने म्हटले, ‘आमचा जिल्हा त्यासाठी प्रसिद्ध.’ ‘तोडतो कोण?’ मी म्हटले, ‘मजूर येतात.’ ‘राहतात कोठे?’ मी म्हटले, ‘झोपड्यांत.’ ती म्हणाली, ‘आतून कशा असतात त्या?’

मला उत्तर देता आले नाही. ज्या भागातून दर वर्षी हजारो माणसे कोपीत राहायला जातात त्या भागात मी जन्म काढला, आणि मी एकाही कोपीत कधी वाकून शिरलो नव्हतो. बार्बाडोसच्या घराखाली मी वाकून पाहिले होते!

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. व्याख्यानात ती सांगण्याचा प्रघात नाही, पण त्यावाचून हा प्रवास अर्धा राहील. फार वर्षांपूर्वी माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगी होती. नाव सांगत नाही. गणितात अशी, की मी फळ्यावर उदाहरण लिहून वळेपर्यंत हिचे उत्तर तयार. दसऱ्यानंतर ती आली नाही. आईबाप कोयत्यावर गेले. तुम्हाला ठाऊक आहे, आपल्याकडे नवराबायको मिळून एक कोयता मोजतात, आणि धाकटे भावंड सांभाळायला मोठी मुलगी बरोबर न्यावी लागते. मुकादमाची उचल घेतलेली, ती फिटल्याखेरीज परत येणे नाही. मी काय केले? हजेरीपटावर महिनाभर गैरहजेरी मांडली आणि नंतर ‘सतत गैरहजर’ असा शेरा लिहून लाल शाईने तिचे नाव कमी केले. नियमाप्रमाणे केले. वैशाखात ती परत आली, शाळेच्या कुंपणाशी उभी राहिली. मी म्हटले, ‘पुढच्या वर्षी ये.’ पुढच्या वर्षी तिचे लग्न झाले होते. तिच्या हाती तिचा स्वतःचा कोयता आला.

त्या उंबऱ्यावर मला ती लाल शाई आठवली.

कोणी म्हणेल, मास्तर, कोठली गुलामगिरी आणि कोठली ऊसतोड, काय जुळवता? मीही जुळवत नाही. विकलेल्या माणसाचे दुःख आणि उचल घेतलेल्या माणसाचे दुःख एक नव्हे. ते एकच आहे असे म्हणणे म्हणजे पहिल्याचा अपमान आणि दुसऱ्याच्या हक्काचा विसर. शिवाय आपल्याकडे एक फार मोठी गोष्ट घडली आहे, तिचा मला अभिमान आहे. बार्बाडोसमध्ये साखर पिढ्यानपिढ्या गोऱ्या मळेवाल्यांची राहिली. आपल्या जिल्ह्यात प्रवरानगरला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगीळांनी शेतकऱ्यांच्याच मालकीचा कारखाना उभा केला. पिकवणारा हाच मालक. त्या कल्पनेने महाराष्ट्राचा चेहरा बदलला. पण पिकवणारा सभासद झाला, तोडणारा झाला नाही. गव्हाणीत पहिली मोळी टाकताना आपण तिची पूजा करतो. ती मोळी ज्याने बांधली तो मोळीबरोबर फाटकाशी येतो आणि काटा झाला की परत जातो. साखरेच्या हिशेबात तो एक दर आहे, माणूस नाही. हा प्रश्न मी आज सोडवू शकत नाही. तो आहे, एवढे मला सात हजार मैलांहून लांब जाऊन कळले, याची मात्र मला लाज वाटते.

चार वाजत आले होते. मी बाईंचा निरोप घेतला आणि भराभर निघालो. वाट चुकलो, हे ओघाने आलेच. दोनदा त्याच गल्लीत आलो. शेवटी शाळेचा गणवेष घातलेल्या एका मुलीने, काही न विचारता, माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत येऊन बंदराची दिशा दाखवली. चार वाजून वीस मिनिटांनी मी शिडीशी पोचलो. मुलगा तेथे उभा होता. त्याचा चेहरा, मी त्याला दहावीच्या निकालाच्या दिवशी पाहिला होता, तसा झाला होता. काही बोलला नाही. माझी पिशवी हातातून घेतली, एवढेच.

रात्री जेवणघरात वाढायला एक पोरगा होता, सावंतवाडीकडचा. आमचे बोलणे ऐकून मराठीतच बोलू लागला. मी त्याला उत्साहाने विचारले, ‘गाव पाहिलेस की नाही?’ तो म्हणाला, ‘काका, दहाबारा वेळा आलोय या बंदरात. फाटकाजवळ फुकट वायफाय मिळते, तेवढ्यात घरी बोलून घेतो. दोन तासांची सुट्टी असते, मग वर यायचे. नऊ महिन्यांचा करार आहे.’ आणि हसून म्हणाला, ‘आमचीही तोडच ती.’ त्याला आमच्या दिवसभराचे काही ठाऊक नव्हते. त्याने सहज म्हटले. मी चहा मागवला होता, त्याने साखरेच्या दोन पुड्या माझ्यापुढे ठेवल्या.

तेव्हा मला कळले, की अनोळखी बंदरात एकटे फिरायला धैर्य लागत नाही. परतीचे तिकीट लागते. ते खिशात असले, की गल्ल्या चुकण्यातही आनंद असतो. त्या म्हातारीच्या पूर्वजांना बंदरात उतरवले तेव्हा ते नव्हते. त्रिनिदादला उतरलेल्या आपल्या माणसांपैकी बहुतेकांना ते कधी वापरता आले नाही. ज्याच्याजवळ ते आहे, त्याच्यावर एक साधे कर्ज आहे. त्याने पाहिले पाहिजे. नुसते बघायचे नाही, विचारायचे, आणि आपल्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर घेऊन घरी परतायचे.

परत आल्यावर, त्याच वर्षीच्या दिवाळीनंतर, मी एका कारखान्याच्या थळावर गेलो. एकटा, चालत, आधी रामराम म्हणत. वाकून एका कोपीत शिरलो. आत चूल, एक पेटी, दोरीवर कपडे, कोपऱ्यात शाळेचे दप्तर. दप्तर रिकामे नव्हते. त्यात तिसरीचे पुस्तक होते. पोरगी म्हणाली, ‘गुरुजी, तेवढे आणलेय, शाळा सुरू आहे का नाही ते ठाऊक नाही.’ तिची शाळा सुरू होती. नव्हती ती तिच्यासाठी.

आता माझे मागणे सांगतो आणि बसतो. मोठे नाही. दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस, या गावातून आणि आसपासच्या वाड्यांतून जी घरे तोडणीला जाणार, त्यांच्या लेकरांची यादी आपण दहाबारा जणांनी मिळून करावी. मूल आजीआजोबांकडे मागे राहू शकते का, त्याच्या जेवणाची सोय कशी होईल, शाळेत हंगामी वसतिगृह मागता येईल काय, हे दारोदार जाऊन विचारावे. जे मूल जाणारच, त्याचे दाखले आणि पुस्तके त्याच्याबरोबर द्यावीत, आणि तो ज्या कारखान्याच्या हद्दीत जाणार तेथल्या शाळेला कळवावे. निवृत्त मास्तरांना वेळ भरपूर असतो. माझे नाव त्या कामात पहिले लिहा.

आणि हजेरीपट लिहिणाऱ्या माझ्या शिक्षक बांधवांना एवढेच सांगेन, की दसऱ्यानंतर बाक रिकामा दिसला, तर लाल शाईची दौत उघडण्याआधी त्या घरापर्यंत एकदा चालत जा. ब्रिजटाऊनपेक्षा ते पुष्कळ जवळ आहे.